जर्मनीचा उन्हाळा आणि आमच्या गेटचं घड्याळ

मी बी.ए. आहे. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण ज्या नोकरीबद्दल मला लिहायला सांगितलंय, तिथल्या माझ्या फाइलीत दोन गोष्टींची नोंद होती. एक, ही बाई बी.ए. आहे. दुसरी, या बाईला घड्याळ नीट वाचता येत नाही. दोन्ही कागद एकाच टाचणीला लावलेले. त्यातला पहिला खरा आहे.

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेज कोणी पाहिलं नव्हतं. मखमलाबादकडे थोडी जमीन, तिच्यात मेथी, कोथिंबीर आणि कडेनं झेंडू; माल पंचवटीच्या बाजारात. दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या मनगटावर लग्नात मिळालेलं घड्याळ असे. त्याला रोज सकाळी किल्ली द्यायचे, काच धोतरानं पुसायचे, पण ते त्यांना वाचता येत नव्हतं. बाजारात कोणी वेळ विचारली की ते रुबाबात हात वर करायचे आणि मग तो हात हळूच माझ्यापुढे आणायचे. मी वेळ सांगायची, आणि ती ते समोरच्याला अशी सांगायचे की जणू आत्ताच त्यांनी काट्यांकडे पाहिलं. शाळेत जायला लागल्यापासून हे काम माझं. तेव्हा पुढे मला जी नोकरी लागली तिचा अनुभव माझ्याकडे आधीपासून होता असं म्हणायला हरकत नाही.

नोकरी टेलेक्स ऑपरेटरची. सातपूरला विजेच्या स्विचांचे भाग बनवणारी कंपनी होती. नाव सांगत नाही, अजून चालू आहे. टेलेक्स म्हणजे काय ते आता समजावून सांगावं लागतं. टाइपरायटर आणि टेलिफोन यांचा संसार. मी नंबर फिरवायची, पलीकडच्या यंत्रानं आपली ओळख टाइप करून पाठवली की लाइन लागली असं समजायचं. मग मी इथे जे अक्षर दाबेन ते त्याच क्षणी जर्मनीत कागदावर उमटायचं. तिकडून कोणी टाइप करायला लागलं की माझ्या खोलीत कोणी नसतानाही यंत्र खडखडायला लागायचं. पहिल्या आठवड्यात झाडूवाल्या मावशी त्याला घाबरून बाहेर पळाल्या होत्या.

या यंत्राला सगळं यायचं, वेळ तेवढी कळायची नाही. पाठवणारा आपल्या देशाची वेळ संदेशाच्या डोक्यावर टाइप करायचा. संदेश आला की मी माझ्या भिंतीवरच्या घड्याळात बघून लॉगबुकात आपली वेळ लिहायची. उद्या भांडण झालं, 'तुम्ही उशिरा कळवलंत', 'नाही, तुम्ही उशिरा वाचलंत', तर या दोन वेळा साक्षीला. म्हणून माझ्या खोलीतलं घड्याळ मी रोज सकाळी रेडिओवर बातम्यांच्या आधी लावून घेतलेल्या मनगटी घड्याळाशी जुळवायची. त्या एका गोष्टीचा मला अभिमान होता. अजून आहे.

आता कंपनीतली बाकीची घड्याळं. गेटवर एक मोठं घड्याळ होतं, ते पंधरा मिनिटं पुढे. चुकून नव्हे, ऑर्डरीनं. ही युक्ती आमच्या पर्सोनेल मॅनेजरांची, कर्णिकसाहेबांची. कामगार वेळेवर यावेत म्हणून. गेटवर त्या घड्याळाप्रमाणे उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाई. संध्याकाळी सुटीचा भोंगा मात्र कर्णिकसाहेबांच्या मनगटावरच्या घड्याळाप्रमाणे वाजायचा, आणि ते बरोबर होतं. म्हणजे आत येताना एक वेळ आणि बाहेर जाताना दुसरी. मधली पंधरा मिनिटं कुठे जात हे सगळ्यांना माहीत होतं. युनियनलाही माहीत होतं. त्या बदल्यात दुपारचा चहा अंमळ लांबायचा आणि तिकडे कर्णिकसाहेब बघायचे नाहीत. तोंडी सगळं छान चाललं होतं. सातपूरच्या खाणावळीसुद्धा आमच्या गेटच्या घड्याळावर पोळ्या टाकायच्या.

माझ्या खोलीत कर्णिकसाहेबांनी एक बोर्ड लावला होता. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं 'जागतिक वेळ', आणि खाली देशांची नावं. जर्मनी, साडेचार तास मागे. पाहुणे आले की त्यांना आधी बोर्ड दाखवायचा, मग यंत्र, मग मला.

जर्मनीच्या कंपनीत माझ्यासमोर, म्हणजे तारेच्या दुसऱ्या टोकाला, हेल्गा नावाची ऑपरेटर होती. कामाचा मजकूर संपला की आम्ही ओळ-दोन ओळी गप्पा मारायचो. तिला आमच्याकडच्या उन्हाचं कुतूहल आणि मला तिच्याकडच्या बर्फाचं. एका वर्षी मार्च संपता संपता तिनं टाइप केलं, 'काल आम्ही घड्याळं एक तास पुढे केली. सगळं ऑफिस जांभया देतंय.' मला वाटलं, चेष्टा. तिनं समजावून सांगितलं की उन्हाळ्यात उजेड जास्त वेळ वापरता यावा म्हणून आता दरवर्षी सगळा देश घड्याळ पुढे करणार आणि सप्टेंबर संपला की मागे घेणार. म्हणजे आमच्यातलं अंतर आता साडेचार नाही, साडेतीन तास.

मी सरळ कर्णिकसाहेबांकडे गेले.

"साहेब, जर्मनीनं घड्याळं पुढे केलीत. बोर्डावरचं साडेचार बदलून साडेतीन करायला हवं."

"कोणी पुढे केलीत?"

"सगळ्या देशानं."

कर्णिकसाहेबांनी चष्मा काढला. "जाधवबाई, तुम्ही ग्रॅज्युएट आहात. घड्याळ असं मनाला येईल तसं पुढे करता येतं का? आणि जर्मन लोक करतील? ते शिस्तीचे लोक आहेत."

ते बोलत होते आणि त्यांच्या मागच्या खिडकीतून गेटचं घड्याळ दिसत होतं.

"आणि बोर्ड आत्ताच रंगवलाय," ते म्हणाले. "पेंटरचं बिलसुद्धा अजून पास व्हायचंय."

मी हेल्गाची वेळ माझ्यापुरती साडेतीन तासांनी मोजायला लागले आणि बोर्ड आपल्या जागी राहिला. त्या वेळी त्यानं काही बिघडत नव्हतं.

बिघडलं ते मे महिन्यात. जेवणाची सुटी होऊन गेली होती. यंत्र खडखडलं. डोक्यावर हेल्गाची वेळ, अकरा दहा. मजकूर असा की भागांच्या ड्रॉइंगमध्ये बदल झालाय, तयार माल पाठवू नका, थांबवा. मी भिंतीवर पाहिलं, दोन चाळीस. अकरा दहा आणि साडेतीन तास, दोन चाळीस. सगळं जुळत होतं. मी वेळ लिहिली आणि इंटरकॉमवर डिस्पॅचला फोन लावला.

डिस्पॅचला पवार होते. नांदगावचे, बोलायला मोकळे, कामाला चोख. कितीतरी दिवस खोलीत चौघांबरोबर राहून नुकतीच त्यांनी दोन खोल्यांची जागा घेतली होती आणि बायको-मुलांना गावाहून आणलं होतं.

"पवार, मुंबईचा ट्रक थांबवा. जर्मनीचा टेलेक्स आलाय."

"ट्रक? बाई, त्याला जाऊन धा मिन्टं झाली."

"मागे जीप पाठवता येईल का?"

"असती तर पाठवली असती. जीप साहेबांच्या पाव्हन्यांना घेऊन त्र्यंबकेश्वरला गेलीय. दर्शन झाल्यावर येईल."

दर्शन झालं तोवर ट्रक घाट उतरून गेला होता. माल जर्मनीला पोचला आणि तिथल्यांनी तो घेतला नाही. मोठ्या साहेबांनी विचारलं, जबाबदार कोण? तेव्हा दोन वह्या समोरासमोर ठेवल्या गेल्या. माझं लॉगबुक, टेलेक्स आला दोन चाळीसला. गेटचं रजिस्टर, ट्रक सुटला दोन पंचेचाळीसला. म्हणजे थांबवायचा हुकूम हातात आल्यावर पाच मिनिटांनी पवारांनी ट्रक सोडला. पवार त्याच दिवशी सस्पेंड.

खरी गोष्ट कोणालाही कळेल अशी होती. गेटचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे, तेव्हा ट्रक सुटला अडीचला. माझा टेलेक्स त्यानंतर आला. पण हे म्हणायचं तर गेटचं घड्याळ पुढे आहे असं कागदावर लिहावं लागणार. आणि ते एकदा कागदावर आलं की गेटवर ज्यांचे ज्यांचे अर्धे दिवस कापले गेले ते सगळे दुसऱ्या दिवशी कर्णिकसाहेबांच्या दारात.

चौकशी समिती बसली. कर्णिकसाहेब, अकाउंट्सचे पटवर्धन, आणि स्टोअर्सचे एक गृहस्थ, ज्यांनी पहिल्या दोन बैठकांत फक्त बिस्किटं खाल्ली. मला साक्षीला बोलावलं. समोरच्या खुर्चीत पवार होते, इस्त्रीचा शर्ट घालून, हात मांडीवर.

"तुमचं घड्याळ बरोबर होतं?" कर्णिकसाहेबांनी विचारलं.

"हो. रोज रेडिओशी जुळवते."

"आणि गेटचं?"

"ते पंधरा मिनिटं पुढे आहे, साहेब."

"गेटचं घड्याळ बरोबर आहे."

"साहेब, ते पुढे आहे."

"पुढे आहे म्हणजे चुकीचं आहे असं होत नाही," कर्णिकसाहेब म्हणाले. पटवर्धनांनी मान हलवली. स्टोअर्सच्या गृहस्थांनी बिस्कीट चहात बुडवलं.

दुसऱ्या बैठकीपर्यंत युनियनला कुणकुण लागली होती. सेक्रेटरी येऊन कर्णिकसाहेबांना गोड आवाजात सांगून गेला, "पवारला काढा खुशाल. मग आम्ही गेटखाली रेडिओ घेऊन बसतो." त्या दिवसापासून कर्णिकसाहेबांना पवार निर्दोष असावेत असं मनापासून वाटायला लागलं. फक्त गेटचं घड्याळ मध्ये न येता. बिचारे खरोखर बारीक झाले.

तोड काढली पटवर्धनांनी. तिसऱ्या बैठकीत ते टेलेक्सचा मूळ कागद घेऊन आले आणि डोक्यावरच्या अकरा दहावर पेन्सिल ठेवली.

"ही जर्मनीची वेळ. बोर्डाप्रमाणे जर्मनी साडेचार तास मागे. अकरा दहा अधिक साडेचार." त्यांनी बेरीज कागदावर मांडली. ती त्यांची सवय, दोन आणि दोनही ते मांडूनच करायचे. "तीन चाळीस. टेलेक्स जर्मनीतून निघालाच तीन चाळीसला. ट्रक त्याआधी तासभर गेलेला. पवारांचा प्रश्नच येत नाही."

खोलीत सगळ्यांचे चेहरे उजळले. मी तोंड उघडलं होतं. साहेब, जर्मनीत सध्या उन्हाळा आहे, एवढंच म्हणायचं होतं. मग पवारांकडे पाहिलं. त्यांना बेरीज कळली नव्हती, पण साहेब हसताहेत हे कळलं होतं आणि त्यांचे मांडीवरचे हात पहिल्यांदा सुटे झाले होते. जर्मनीचा उन्हाळा मध्ये आणला तर टेलेक्स परत दोन चाळीसला येणार, गेट दोन पंचेचाळीसवर बसलेलंच, आणि पवार नांदगावला. मी तोंड मिटलं.

"पण मग," स्टोअर्सचे गृहस्थ पहिल्यांदाच बोलले, "या बाईंच्या वहीत दोन चाळीस लिहिलंय. म्हणजे टेलेक्स निघाला तीन चाळीसला आणि पोचला दोन चाळीसला?"

निघायच्या आधी तासभर पोचलेला टेलेक्स समितीपुढे होता, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं असेल तर ते यंत्रात नव्हतं, माझ्यात होतं.

"लहान काटा बघण्यात गफलत झाली असेल," कर्णिकसाहेब समजुतीनं म्हणाले. "होतं बायकांचं असं. जाधवबाई, चार ओळी लिहून द्या, की घड्याळ वाचण्यात तुमची एका तासाची चूक झाली. एक साधी ताकीद फाइलीला लागेल. विषय मिटेल."

"उद्या देते," मी म्हणाले.

बाहेर आले तेव्हा कानशिलं तापली होती. साधी ताकीद! मी दुसरं काहीही लिहून दिलं असतं. कागद हरवला, बोट चुकीच्या अक्षरावर पडलं, डुलकी लागली. पण घड्याळ वाचता आलं नाही हे?

संध्याकाळी घरी गेले. दादा ओट्यावर झेंडूच्या पाट्या मोकळ्या करत बसले होते. मला बघून सवयीनं मनगट पुढे केलं. "किती वाजले गं?"

मी वेळ सांगितली. आणि मग बाकीचं सगळं सांगितलं. जर्मनीनं घड्याळ पुढे केलं हे त्यांना लगेच पटलं. "सायबानं केलं तसं त्यांनी केलं," ते म्हणाले. "त्यात काय."

"दादा, मला लिहून द्यायचंय की मला घड्याळ वाचता येत नाही."

ते थोडा वेळ फुलं निवडत राहिले. "तू न्हाई लिहिलं तर त्या पवाराचं काय व्हईल?"

"जाईल नोकरी."

"अन् लिहिलं तर तुझी जाईल?"

"नाही. फाइलीत राहील कायमचं."

"ती फाइल मला वाचता येत न्हाई," दादा म्हणाले. "तुला येळ कळती का न्हाई, ते या मनगटाला ठावं हाय. लिही. पर असं लिही की त्या सायबाला डिक्शनरी काढाय लागली पाहिजे."

मी लिहिलं. इंग्रजीत, दोन पानं, स्वच्छ अक्षरात. माझ्या बी.ए.चा इतका पुरेपूर उपयोग आधी कधी झाला नव्हता आणि नंतरही नाही. कर्णिकसाहेबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "भाषा चांगली आहे तुमची. लक्ष तेवढं कमी पडतं."

पवार कामावर आले. माझ्या चुका टाळण्यासाठी कर्णिकसाहेबांनी ऑर्डर काढली की यापुढे टेलेक्स खोलीतली प्रत्येक वेळ गेटवरच्या वॉचमननं तपासून सही करावी. वॉचमन दिवसातून दोनदा यायचा, माझी वेळ बघायचा, जाऊन गेटचं घड्याळ बघायचा, परत यायचा आणि शेजारी पंधरा मिनिटं वाढवून सही ठोकायचा. वर्षभर माझ्या लॉगबुकात प्रत्येक टेलेक्स दोनदा आला.

सप्टेंबर संपला तशी जर्मनीनं घड्याळं मागे घेतली. एकदा पाहुण्यांना बोर्ड दाखवताना कर्णिकसाहेबांनी माझ्याकडून वेळ पडताळून घेतली, साडेचार तास बरोब्बर भरले. "बघा," ते मला म्हणाले. "मी सांगत होतो."

एक रुखरुख मात्र आहे आणि ती माझ्या फाइलीची नाही. पवार वाचले, पण त्यांच्याबरोबर गेटचं घड्याळही वाचलं. माझ्या दोन पानांनी त्याला क्लीन चिट मिळाली. पहिल्या पाळीच्या बायका धापा टाकत गेटात शिरताना मला खिडकीतून दिसायच्या, पदर खोचलेला, डबा छातीशी धरलेला, आणि नजर वर त्या काट्यांवर. त्यांतल्या कितीजणी खऱ्या वेळेआधी आल्या असतील याचा विचार मी करायची आणि हेल्गा तिच्या ऑफिसात येईल तेव्हा तिला मिळावं म्हणून गुड मॉर्निंग टाइप करायला घ्यायची.

पवारांना माझ्या त्या दोन पानांमागची गोम युनियनवाल्यांकडून नंतर कळली. ते आभार मानायला आले नाहीत, तसं कोणी करत नसे. कामावर आल्यानंतर काही दिवसांनी माझ्या खिडकीशी थांबले, टोपी काढली, परत घातली.

"बाई, किती वाजले?"

"मला विचारताय? माझ्या फाइलीत काय लिहिलंय माहीत आहे ना?"

"म्हून तर तुमालाच इचारतो," ते म्हणाले. "दुसऱ्या कुनाचं घड्याळ मला आता मानवत नाय."

मग रोजचंच झालं. जेवणाच्या सुटीत खिडकीवर टकटक, बाई, किती वाजले, आणि मी सांगितलं की ते आपलं घड्याळ जुळवत चालू पडायचे.

पुढे फॅक्स आला. टेलेक्सचं यंत्र भंगारात गेलं, बोर्ड स्टोअर्समध्ये आणि मी पर्चेसला. कर्णिकसाहेब रिटायर झाले, गेटचं घड्याळ बदलून काट्यांऐवजी आकड्यांचं आलं, आणि तेही कोणीतरी इमानदारीनं पंधरा मिनिटं पुढे लावलं. कोणी, का, हे नव्यांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. कंपनीची पद्धत आहे, असं म्हणायचे.

मी निवृत्त झाले त्या दिवशी कँटीनमध्ये कार्यक्रम ठेवला होता. आमच्याकडे निवृत्तीला भिंतीवरचं घड्याळ द्यायची चाल. नवे मॅनेजर तरुण होते, भाषणासाठी त्यांनी माझी फाइल वाचून ठेवली होती. "इतक्या वर्षांच्या सेवेत मॅडमना एकच ताकीद," ते हसत म्हणाले, "घड्याळ वाचता आलं नाही म्हणून! आणि आज आपण त्यांना घड्याळच देतोय." सगळे हसले. मीही हसले. खोक्यातून घड्याळ निघालं, चालू करूनच आणलं होतं, शिपायानं गेटशी जुळवून.

मागच्या खुर्चीवरून कोणीतरी उठलं. पवार. निवृत्त होऊन नांदगावला गेले होते, सकाळच्या गाडीनं आले होते. डोक्यावर तीच टोपी.

"बाई," ते मोठ्यानं म्हणाले, "किती वाजले?"

मी हातातल्या नव्या घड्याळाकडे पाहिलं नाही. दादांचं जुनं घड्याळ ते गेल्यापासून माझ्या मनगटावर असतं, माझ्या हाताला मोठं होतं, सारखं फिरतं. ते सरळ केलं आणि वेळ सांगितली. मागच्या रांगेतल्या दोन-चार जुन्या माणसांनी आपापल्या घड्याळांच्या किल्ल्या ओढल्या आणि काटे फिरवून घेतले.

मॅनेजरांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं. "मॅडम, तुमचं पंधरा मिनिटं मागे आहे."

"असू द्या साहेब," पवार मागून म्हणाले. "आमी त्याच्यावरच चालतो."